खणातली घुबडं, आणि माझे वाकडे टाके

मेथीची_जुडी (धागाकर्ती), शनिवार, रात्री १०:४०

गेलं वर्षभर दर शनिवारी मी इथल्या, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातल्या, एका निसर्गसंग्रहालयात फुकट राबायला जाते. तळघरात पक्ष्यांचे नमुने तयार करायची खोली आहे, तिथे. आधी चिमण्या दिल्या, मग काचेवर आपटून मेलेले रॉबिन. आज पहिल्यांदा माझ्यापुढे घुबड ठेवलं. बार्ड आउल. गळ्याभोवती आडवे पट्टे, पोटावर उभे फराटे. धाग्यापुरतं त्याला पट्टेरी घुबड म्हणू.

हे काचेवर आपटलेलं नव्हतं की गाडीखाली आलेलं नव्हतं. मुद्दाम गोळी घालून मारलेलं होतं. सरकारी परवान्यानं, दुसऱ्या एका घुबडाला वाचवण्यासाठी.

मी मालवणची. बांगडा साफ करायला आईनं सातव्या वर्षी शिकवलं, त्यामुळे रक्ताचं काही वाटत नाही. पण हातात घेतलं तेव्हा दचकले ते वजनाला. दिसायला मांजराएवढं, वजन जेमतेम पाऊण किलो. सगळी पिसंच. छातीच्या हाडापासून खाली सरळ चीर द्यायची, मक्याचं पीठ भुरभुरवत ओल टिपत राहायचं आणि कातडी बोटांनी सोडवत जायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. नखानं फाटते. मान बारीक आणि डोकं हे एवढं, त्यामुळे मोज्यासारखी उलटी करत आणलेली कातडी डोक्यापाशी येऊन अडते. डोळे तर गोटीसारखे नसतातच. हाडाच्या कड्यात बसवलेल्या नळकांड्यासारखे असतात, खोबणीत फिरत नाहीत. म्हणून तर घुबड अख्खी मान वळवतं. हे शाळेत शिकले होते, पण आज बोटाला कळलं.

मग दिवे घालवून आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी जांभळा, अतिनील दिवा लावला. पंखाच्या आतल्या बाजूची काही पिसं गुलाबी चमकली, काही नाही. चमकणारी ती नवी. पिसांत एक रंगद्रव्य असतं, ते उजेडानं हळूहळू विरतं. कुठलं पीस कधी आलं यावरून पक्ष्याचं वय काढतात. अंधारात आम्ही तिघी काही न बोलता बघत उभ्या होतो.

शेवटी आत कापूस आणि काडी, पोटाला टाके, पाय एकावर एक, आणि पायाला चिठ्ठी: तारीख, ठिकाण, नर की मादी, वजन, चरबी किती, पोटात काय सापडलं. टाके माझे वाकडेच आले.

नमुना ठेवायला खण उघडला तर आत एकाशेजारी एक अशीच पाठीवर झोपलेली घुबडं. एकाच जातीची. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, एक ठेवलं असतं तर चाललं नसतं का? तेव्हा काही सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

पोहे_विदाउट_कांदा, शनिवार, रात्री ११:०५

वाचलं आणि जेवण लांबणीवर टाकलं. पण लिहिलंय झकास. एका घुबडाला वाचवायला दुसऱ्याला गोळी, हे काय प्रकरण आहे ते जरा उलगडा की.

मेथीची_जुडी, शनिवार, रात्री ११:५०

थोडक्यात सांगते (जमलं तर).

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या, उंच झाडांच्या जंगलात ठिपक्यांचं घुबड राहतं, स्पॉटेड आउल. पाहुणे आले की आपण ज्या म्यूर वूड्सला नेतो ना, तिथेसुद्धा आहे. त्याला जुनंच जंगल लागतं, खाणं ठरावीक, स्वभाव बुजरा. लाकूडतोडीनं त्याची घरं गेली. १९९० साली त्याच्या उत्तरेकडच्या उपजातीला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि त्यावरून लाकूडवाले आणि पर्यावरणवाले यांच्यात रणकंदन झालं. १९९४ मध्ये सरकारी जंगलांसाठी नवी योजना आली, तोड बरीच कमी झाली. आता पक्षी सावरेल असं वाटलं. नाही सावरला.

कारण पट्टेरी घुबड. हे मूळचं पूर्वेकडचं. मधल्या गवताळ मैदानांत झाडं नव्हती तोवर ती त्याला भिंतच होती. वसाहतवाल्यांनी झाडं लावली, वणवे विझवायला लागले, आणि घुबडाला झाडाझाडावरून वाट मिळाली, असा एक अंदाज आहे. कॅनडामार्गे १९४०च्या दशकात ब्रिटिश कोलंबिया, साठच्या दशकात वॉशिंग्टन, सत्तरच्या दशकात ओरेगन, मग कॅलिफोर्निया. अंगानं मोठं, भांडखोर, आणि खाण्यात काहीच वर्ज्य नाही: उंदीर, बेडूक, चिंगूळ, गांडूळ, लहान घुबडंसुद्धा. ठिपकेवाल्याच्या एका जोडीच्या जागेत यांच्या कित्येक जोड्या मावतात. ठिपकेवालं आवाज करायचंच बंद होतं, मग हळूहळू दिसायचंही.

अवनी_के, रविवार, सकाळी ७:२०

माफ करा, पण मला हे वाचून संताप आला. जंगल माणसानं तोडलं, मैदानात झाडं माणसानं लावली, आणि गोळी घुबडाला? ते बिचारं उडत उडत आलं. त्याला कुणी जहाजातून आणून सोडलेलं नाही. पक्षी आपला प्रदेश वाढवतात, हेच तर निसर्ग आहे. वर मारलं ते मारलं, त्यात कापूस भरून 'विज्ञान' म्हणायचं. अपराधाला अत्तर लावल्यासारखं वाटतं.

घाटावरचा, रविवार, सकाळी ७:५५

अवनी, 'निसर्गाला त्याचं करू द्या' म्हणायला बरं वाटतं, पण इथे निसर्गाचं काही शिल्लक आहे का? जुनं जंगल तुकड्यांत उरलंय. अख्खं असतं तर दोघांना जागा झाली असती, कदाचित. आता हात बांधून बसणं हासुद्धा निर्णयच.

प्रयोग करून पाहिलाय सरकारी शास्त्रज्ञांनी, उगाच नाही. २०१३ पासून वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्नियात काही ठिकाणी पट्टेरी घुबडं काढली, शेजारच्या तशाच भागात काढली नाहीत. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकूण २,४८५ घुबडं काढली होती. जिथे काढली तिथे ठिपकेवाल्यांची घट वर्षाला ०.२ टक्के, म्हणजे जवळपास थांबलीच. जिथे नाही काढली तिथे वर्षाला १२.१ टक्के. सहा वर्षांत निम्मे पक्षी संपतील असा हा वेग.

अवनी_के, रविवार, सकाळी ८:३०

आणि आता पुढे किती मारणार तेही सांगा ना.

घाटावरचा, रविवार, सकाळी ८:४१

सांगतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या योजनेत ३० वर्षांत जास्तीत जास्त सुमारे ४,५०,०००. म्हणजे वर्षाला १५ हजार. आकडा मोठा आहे, मलाही घशाखाली उतरत नाही. प्राणीप्रेमी संघटना कोर्टात गेल्या आहेत. प्रयोगातला आकडा मला पटतो. पण तीन राज्यांच्या डोंगरात तीस वर्षं नेमानं हे कोण करणार आणि थांबले की काय होणार, हे नाही पटत. बाजूची घुबडं परत येतातच.

मेथीची_जुडी, रविवार, सकाळी ९:१५

अवनी, तुमचा राग मला परका नाही. ही सुरुवात ज्यांनी केली त्यांतला एक जीवशास्त्रज्ञ, लोवेल डिलर, उत्तर कॅलिफोर्नियात एका लाकूड कंपनीसाठी काम करायचा. २००९ पासून तिथल्या जंगलात त्यानं पट्टेरी घुबडं काढायला घेतली. आयुष्य घुबडांच्या अभ्यासात गेलेलं. पहिल्यांदा बंदूक उचलली तेव्हा अंग थरथरत होतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. त्या भागात टिपलेल्या घुबडांचे नमुने सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये आहेत.

मारावं की मारू नये हा वाद माझ्या टेबलाच्या आधीचा आहे. माझ्या टेबलावर येतं तोवर ते मेलेलं असतं. पुढचा प्रश्न एवढाच, की खड्ड्यात पुरायचं की जपायचं. सगळी संग्रहालयात येणार नाहीत, येऊच शकत नाहीत. पण जी येतात ती कसली अत्तरं नाहीत हो.

शेंगदाणा, रविवार, सकाळी ९:३२

ताई, मूळ प्रश्न राहिला ना. नवरोबांचा. एकाच जातीची इतकी कशाला? तिकिटं गोळा केल्यासारखी?

चष्मिश_मास्तर, रविवार, सकाळी ११:१०

शेंगदाणा, मी आयुष्यभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी एकदा आला आहे.

एक घुबड तुम्हाला 'पट्टेरी घुबड कसं दिसतं' एवढंच सांगतं. घुबडाच्या माद्या नरांहून मोठ्या असतात. आता खणात एकच नमुना असेल आणि तो नर असेल तर? पिल्लू वेगळं, म्हातारं वेगळं. पूर्वेकडचं आणि पश्चिमेला येऊन चाळीस वर्षं झालेलं सारखंच आहे का, हे दोन्हीकडची भरपूर शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार? त्यात हे दोघे एकमेकांशी संकरही करतात. संकराच्या पोटावर फराटे धड नाहीत, ठिपके धड नाहीत. तो संकर आहे हे म्हणायलासुद्धा दोन्ही बाजूंची शुद्ध घुबडं रांगेनं समोर लागतात.

दुसरं म्हणजे, नमुना ठेवणाऱ्याला पुढे त्यातून काय विचारलं जाईल ते ठाऊक नसतं. पक्ष्यांची अंडी जमवणं हा इंग्रजांचा एके काळचा नाद. निव्वळ हौस. १९६७ मध्ये रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी संग्रहांतली अंडी तोलून-मापून दाखवलं की ससाण्यांच्या अंड्यांची कवचं १९४७च्या आसपासपासून एकाएकी पातळ झाली. कारण डीडीटी हे कीटकनाशक! अंडी गोळा करणाऱ्याला डीडीटीचं नावही माहीत नव्हतं. आणि १९४७ च्या आधीचं एकच अंडं असतं तर 'हे एखादं जाड असेल' म्हणून लोकांनी उडवून लावलं असतं.

अमेरिकेत २०१७ मध्ये दोघा तरुणांनी जुन्या पक्ष्यांच्या पोटाकडच्या पिसांवरची काजळी मोजली. हजाराहून जास्त पक्षी, १३५ वर्षांतले. कोळशाच्या जमान्यातले पक्षी अक्षरशः काळवंडलेले. हवेची नोंद ठेवणारी यंत्रं नव्हती तेव्हाची हवा चिमणीच्या पोटावर लिहिलेली होती.

मेथीची_जुडी, रविवार, दुपारी १२:२५

मास्तर, हे नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं!

आमच्या पट्टेरी घुबडांचंच एक सांगते. उत्तर कॅलिफोर्नियाच्या जंगलात चोरून गांजा पिकवतात. रोपं उंदरांनी खाऊ नयेत म्हणून तिथे उंदीरमार औषध टाकतात, रक्त गोठू न देणारं. उंदीर खाणाऱ्या घुबडात ते उतरतं का? ठिपकेवालं घुबड दुर्मीळ, त्याला मारून यकृत तपासता येत नाही. मेलेली सापडतील तेवढीच. पण पट्टेरी त्याच जंगलात राहतं, बरंचसं तेच खातं, आणि ती मारलेली हाताशी होती. ८४ पट्टेरी घुबडांची यकृतं तपासली, ३४ मध्ये विष. मेलेली सापडलेली ठिपकेवाली १० होती, त्यांतल्या ७ मध्ये. २०१८ मध्ये हे छापून आलं. ती ८४ पुरली असती तर?

म्हणून आता आम्ही यकृताचा, स्नायूचा तुकडा वेगळ्या कुपीत घालून अतिथंड करून ठेवतो. पोटातलं वेगळं ठेवतो. कधी एक पंख पसरून वाळवतो. कातडी सोडून उरलेला सांगाडा मांस खाणाऱ्या भुंग्यांच्या पेटीत जातो, ते हाडं चाटूनपुसून लख्ख करतात. (त्या पेटीचा वास... पोहे, तू हे वाचू नकोस.)

कोकणी_काकू, रविवार, दुपारी १:४०

मेथी, तुझ्या आजीला माहीत आहे का हे? आमच्याकडे घुबडाला दगड मारू देत नसत. घुबड तो दगड उचलून नेतं, नदीकाठी घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो म्हणे. लहानपणी मी रात्रीची दारातला दगडसुद्धा उचलत नसे. आणि तू टाके घालतेस!

मेथीची_जुडी, रविवार, दुपारी २:०३

काकू, आजीला 'शिवणक्लास' सांगितलंय. खोटं कुठे आहे?

आणि याचा आवाजही भुताटकीचा नाही. इथले लोक त्याच्या हाकेला शब्द लावतात, की ते विचारतं, 'तुझ्याकडे स्वयंपाक कोण करतं? तुम्हा सगळ्यांचा कोण करतं?' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंचीच आठवण झाली.

रिकामा_ड्रम, रविवार, दुपारी ३:१५

एक शंका. जुन्या नमुन्यांना हात लावताना म्हणे हातमोजे घालतात? विषारी असतात?

चष्मिश_मास्तर, रविवार, दुपारी ३:५०

हो. जुन्या काळी कातडीला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा साबण चोपडत. कीड लागू नये म्हणून. कीड लागली नाही म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वीचे पक्षी आज आहेत, आणि म्हणूनच हात धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही.

तापीकाठ, रविवार, रात्री ९:३०

उशिरा आलो. मी शहाद्याचा. इथे घुबडांचे नमुने निघाले आणि आमच्या रानपिंगळ्याचं नाव अजून कुणी काढलं नाही?

एका खणानं अख्खा पक्षी परत मिळवून दिला, ते ऐका. रानपिंगळा १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या माणसानं आजच्या छत्तीसगडमध्ये टिपला, ह्यूम साहेबानं १८७३ मध्ये त्याला नाव दिलं. पुढे आमच्या खानदेशात डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्यानं शहादा-तळोदा भागातून काही मिळवले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगात मोजून सात नमुने. नंतर कर्नल माइनर्ट्झहागेन म्हणाला, मी १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला एक टिपला होता. मोठं नाव, लढायांतला शूर, कोण शंका घेणार? लोकांनी तिकडेही शोधलं. सलीम अलींसारख्यांच्या हातीही काही लागलं नाही.

तर हा कर्नल निघाला चोर. संग्रहालयातून पक्षी उचलायचा, चिठ्ठी काढून आपली लावायची. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी त्याचे नमुने तपासायला घेतले. हा रानपिंगळा त्यानं उसवून पुन्हा भरला होता, ओळख पटू नये म्हणून. पण क्ष-किरण काढले, आतली धाटणी पाहिली, तर सगळं पुसलं गेलं नव्हतं. पक्षी भरायची ती तऱ्हा डेव्हिडसनची! ब्रिटिश म्युझियममधून हरवलेला त्याचाच नमुना.

१९१४ची नोंद अशी खोटी पडली आणि मांडवी नकाशावरून गेली. उरली ती फक्त खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडे हिंडले, काही नाही. मग डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवरचा पत्ता काढून इकडे आले. २५ नोव्हेंबर १९९७, सकाळी, शहाद्याजवळच्या टेकडीवर, उघड्या झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलासुद्धा नव्हता, आम्ही धुळ्यात होतो. पुढे मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसाच्या जंगलात.

मेथीताई, म्हणून म्हणतो, टाके वाकडे आले तर वाईट वाटून घेऊ नका.

अवनी_के, रविवार, रात्री १०:१०

तापीकाठ, हे माहीत नव्हतं. थरारक आहे. पण एक बोलू? ते सात पक्षीही कुणीतरी मारलेच होते. इतका दुर्मीळ पक्षी, त्यातले इतके मारून ठेवले, म्हणून तर दुर्मीळ झाला नसेल?

तापीकाठ, रविवार, रात्री १०:२२

सात पक्ष्यांनी जात संपत नाही ताई. आमच्याकडचं सागाचं रान शेतीसाठी, सरपणासाठी किती उरलंय ते येऊन बघा. पण तुमचं अर्धं बरोबर. त्या काळी दिसला की टिप, असाच खाक्या होता. आज रानपिंगळ्याला कुणी हात लावला तर तुरुंगात जाईल, आणि जावाच.

चष्मिश_मास्तर, रविवार, रात्री १०:४५

आणि हेही खरं की आपल्या सलीम अलींची सुरुवातच खणापाशी झाली. पोरवयात छर्‍याच्या बंदुकीनं चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ओळखायला घेऊन गेले. साल १९०८. तिथल्या मिलर्ड साहेबांनी ओळख तर सांगितलीच, वर कपाटं उघडून भरलेले पक्षी दाखवले. पोरगा तिथेच अडकला.

पोहे_विदाउट_कांदा, सोमवार, सकाळी ८:०५

धागा कुठून कुठे गेला! माझी पोरगी आठ वर्षांची आहे, तिला काल पार्कमध्ये मोठं पट्ट्यांचं पीस सापडलं. न्यू जर्सीत राहतो. तुझ्या घुबडाचंच असेल का? फोटो टाकतो.

मेथीची_जुडी, सोमवार, सकाळी ८:३०

फोटो टाक. पण पीस होतं तिथे ठेवून ये. १९१८चा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आहे, इथल्या बहुतेक जंगली पक्ष्यांचं पडलेलं पीससुद्धा परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही. मलाही एक पीस खिशात घालून आणता येत नाही. लेकीला सांग, पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात लागले तर ते घुबड. त्या दातांनी हवा कापली जाते म्हणून उडताना आवाज होत नाही. बोट फिरवून बघू दे आणि मग ठेवून या.

पोहे_विदाउट_कांदा, सोमवार, सकाळी ९:४८

दात नाहीत. बहुतेक टर्की. पोरगी नाराज.

मेथीची_जुडी, पुढचा शनिवार, रात्री ९:१५

आज दुसरं घुबड झालं. मादी, पहिल्यापेक्षा चांगली जड. पोटात चिंगळाच्या नांग्यांचे लाल तुकडे आणि कसलीशी बारीक हाडं, ती कुपीत गेली. अवनी, आज तुमची आठवण झाली. छातीजवळ छर्‍याची दोन भोकं होती. ती बुजवू का म्हणून विचारलं, तर आमच्या बाई म्हणाल्या, नको, तीही नोंदच आहे. तशीच ठेवली.

शेवटी चिठ्ठी लिहिताना खाली 'तयार करणार' अशी एक ओळ असते. मागच्या वेळी तिथे बाईंनी सही केली होती. आज पेन माझ्याकडे सरकवलं.

तापीकाठ, शनिवार, रात्री ९:२०

टाके?

मेथीची_जुडी, शनिवार, रात्री ९:२१

वाकडेच.